कपाटं रिकामी करायच्या आधी एकदा आम्हाला विचारा: आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, चिटणीस आणि सर्व कार्यकारिणी सदस्य यांना
सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी पुस्तक बदलायला आले तेव्हा बोर्डावर तुमची नोटीस वाचली. ‘लोकशाही समाजवाद’ या विषयावरचे चार रविवारचे वाचन-चर्चेचे कार्यक्रम रद्द, कारण संस्था राजकीय विषयांपासून दूर राहते, आणि मागच्या खोलीतली समाजवादाची दोन कपाटं पंधरा दिवसांत रिकामी करायची, देणगीदाराने पुस्तकं न्यावीत नाहीतर रद्दीत जातील. देणगीदार म्हणजे मी. दोनशे बारा पुस्तकं, २००९ साली बाबा गेल्यावर दिलेली, पावती माझ्याकडे आहे आणि त्या पावतीवर तुमच्यातल्याच एकांची सही आहे.

मी आधी फोन केला, मग चिटणीसांना भेटले, मग लेखी अर्ज दिला. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळालं, निर्णय झालेला आहे. म्हणून आता सगळ्या सभासदांसमोर आणि बडोद्यातल्या सगळ्या मराठी लोकांसमोर लिहिते आहे. तुमच्यातले निम्मे जण मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात, कुणाला काका म्हणते, कुणाला सर, तेव्हा राग आहे पण वैर नाही, हे आधीच सांगते.

हे चार रविवार ठरले कसे ते सांगते, कारण तुमच्यापर्यंत ते पोचलेलंच नाही असं दिसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले आणि ते स्वतःला डेमोक्रॅटिक सोशालिस्ट, म्हणजे लोकशाही समाजवादी म्हणवतात, तेव्हापासून इथे अभ्यासिकेत बसणारी मुलं तोच शब्द घेऊन वाद घालत होती. इंजिनिअरिंगचा एक मुलगा मला म्हणाला, ताई, हे कम्युनिझमचंच गोड नाव ना? दुसरी मुलगी म्हणाली, नाही, म्हणजे स्वीडनसारखं, भरपूर टॅक्स आणि फुकट दवाखाना. तिसरा म्हणाला, आपल्या घटनेत पण सोशालिस्ट आहे मग आपण काय आहोत? मला वाटलं, या तिघांनी विचारलं ते मागच्या खोलीत दोन कपाटं भरून पडलंय, चला चार रविवार बसू. तिसऱ्या रविवारी तर समाजवादाच्या अगदी विरुद्ध मताचे एक चार्टर्ड अकाउंटंट बोलणार होते, लायसन्स-परमिट राज, म्हणजे धंद्याला पावलोपावली सरकारी परवाना लागायचा तो काळ, काय होतं, स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं कसे थांबायचे आणि १९९१ साली धोरण का बदलावं लागलं, हे सगळं ते मांडणार होते. त्यांना मीच बोलावलं होतं. कार्यक्रमाचा कागद तुम्ही मागितला असता तर दिसलं असतं, पण कुणी मागितलाच नाही.

तर पहिली तक्रार ही, की विषय काय आहे ते न बघता नुसत्या शब्दाला घाबरून तुम्ही तो बंद केला.

म्हणून विषय काय आहे ते इथेच लिहिते, हॉल नाही तर पत्र. समाजवाद म्हणजे थोडक्यात असं, की जमीन, कारखाने, खाणी, बँका ही जी कमाईची साधनं आहेत ती मूठभर मालकांच्या हातात न राहता समाजाच्या मालकीची असावीत आणि त्यातून जे निघेल ते नफ्यासाठी नाही तर माणसांच्या गरजेसाठी वापरलं जावं. इथपर्यंत सगळे समाजवादी एक. भांडण पुढे होतं, कारण समाज म्हणजे नक्की कोण? सरकार? पक्ष? त्या कारखान्यात काम करणारे? दूध घालणारे शेतकरी? आणि ही मालकी आणायची कशी, मतपेटीने का बंदुकीने? आणि आणल्यावर लोकांना ती नको झाली तर? लोकशाही समाजवाद म्हणणारे लोक या प्रश्नांना जे उत्तर देतात तेच त्यांचं वेगळेपण. ते म्हणतात निवडणुकीने या, विरोधी पक्ष, वर्तमानपत्रं, कोर्ट, युनियन सगळं चालू ठेवा, लोकांनी पाडलं तर उतरा, आणि लोकशाही फक्त पाच वर्षांनी मत देण्यापुरती ठेवू नका, जिथे माणूस दिवसाचे आठ तास घालवतो त्या कामाच्या जागी पण त्याला बोलायला मिळू दे.

रशियात काय झालं बघा. १९१७ च्या क्रांतीनंतर घटना समितीची निवडणूक झाली, त्यात क्रांती करणाऱ्या लेनिनच्या बोल्शेविकांना साधारण चौथा हिस्सा मतं पडली आणि सगळ्यात जास्त जागा दुसऱ्याच एका समाजवादी पक्षाला मिळाल्या. जानेवारी १९१८ मध्ये ती सभा एक दिवस बसली आणि बंद करून टाकली. म्हणजे समाजवाद्यांनी समाजवाद्यांनाच घरी पाठवलं. मालकी सरकारची झाली पण सरकार बदलायचा अधिकार लोकांकडे राहिला नाही. आता ब्रिटन बघा, १९४५ साली ॲटलींचा मजूर पक्ष मतांनी आला, १९४७ मध्ये कोळशाच्या खाणी सरकारी केल्या, ५ जुलै १९४८ ला सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली, आणि १९५१ साली हरल्यावर शांतपणे खुर्ची सोडली. मग चर्चिल आले, त्यांनीही ती आरोग्यसेवा मोडली नाही कारण लोकांना ती हवी होती. १९५१ मध्येच फ्रँकफर्टला जगभरच्या समाजवादी पक्षांनी एकत्र येऊन जाहीरच केलं की स्वातंत्र्य नसेल तर समाजवाद नाही.

आणि त्या मुलीचा स्वीडनचा मुद्दा, तोही सोडत नाही. तिथे कंपन्या बहुतेक खाजगीच आहेत, सरकार कर घेऊन शाळा, दवाखाना, म्हातारपण सांभाळतं. याला सोशल डेमोक्रसी म्हणतात. भांडवलशाही राहू दे पण तिला लगाम घाला, असं ते आहे, आणि लोकशाही समाजवादी याच्या एक पाऊल पुढे जाऊन मालकीचाच प्रश्न विचारतात. व्यवहारात दोघांची सरमिसळ होते, अमेरिकेतले बर्नी सँडर्स स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवतात आणि उदाहरण डेन्मार्कचं देतात, तर २०१५ मध्ये डेन्मार्कच्या पंतप्रधानांनीच सांगितलं की आमचा देश बाजारव्यवस्थेचा आहे. असा हा गुंता आहे, म्हणून तर चार रविवार लागणार होते.

आता माझं यात काय आहे ते सांगते.

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. लहानपणी समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढलेले, साने गुरुजींवर जीव. ८ मे १९७४ ला देशभर रेल्वेचा संप झाला, जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते, बाबा त्यात होते. वीस दिवस संप चालला आणि मोडला. बाबांना कामावरून काढलं. मी तेव्हा तीन वर्षांची, मला आठवत नाही, पण पत्र आठवतं, कारण आईने ते रेशन कार्डाबरोबर बिस्किटांच्या चौकोनी डब्यात ठेवलं होतं आणि डबा उघडला की आधी तेच हाताला लागायचं, घडीवर फाटत आलेलं, खाली इंग्रजीत सही. तीन वर्षं आईने पापड लाटले आणि शिवण केलं. १९७७ साली जनता सरकार आलं, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, कोकणातून निवडून आलेला समाजवादी माणूस, त्यांनी संपातल्या काढलेल्या लोकांना परत घेतलं आणि बाबा परत वर्कशॉपच्या गेटातून आत गेले. त्याच दंडवत्यांनी सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर दोन इंचाचा फोम घातला. बाबा आयुष्यभर गाडीत बसले की आधी बर्थवर हात ठेवून दाबून बघायचे. मी कितीतरी वेळा पाहिलंय ते.

बाबांचं म्हणणं साधं होतं. रेल्वे कुणाची? सरकारची. म्हणजे सरकारी मालकी हाच समाजवाद असेल तर तो माझ्या वर्कशॉपमध्ये होताच की, मग मला बोललो म्हणून का काढलं? तुम्ही रद्दीत घालायला निघालात त्या कपाटात रशियावरचं एक जुनं भाषांतरित पुस्तक आहे, त्यात कामगारांच्या हुकूमशाहीचं प्रकरण आहे, तिथे समासात बाबांनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘मग फिटरने तक्रार कुणाकडे करायची?’ समाजवाद आणि लोकशाही समाजवाद यातला फरक मला कुणी विचारला तर मी ते पान दाखवते.

आणि दुसरी बाजू बघायला आपल्याला लांब जायला नको, पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आणंद आहे. १९४६ च्या डिसेंबरात खेडा जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे आपलं अमूल, नोंदवला गेला, त्याआधी शेतकऱ्यांनी दूध घालायचंच बंद केलं होतं कारण एकाच कंपनीला मक्तेदारी होती आणि भाव तीच ठरवायची. त्रिभुवनदास पटेलांनी गावोगाव मंडळ्या उभ्या केल्या. त्यांनी काही समाजवादाचा झेंडा लावला नव्हता, ते काँग्रेसचे गांधीवादी माणूस. पण डेअरी सरकारची नाही, शेटजीची नाही, दूध घालणाऱ्यांची, आणि दोन म्हशीवाला असो की वीस म्हशीवाला, मंडळीत मत एकच. सामाजिक मालकीला सरकारच लागतं असं नाही, हे बडोद्याच्या माणसाला रोज सकाळी पिशवी उघडताना कळायला हवं.

दुसरी तक्रार. तुम्ही म्हणता विषय राजकीय आहे. चिटणीस मला म्हणाले, ताई, बडोद्याचं नाव डायनामाइट केसमध्ये आलं होतं, आठवतंय ना, नको ती झंझट. आठवतंय. डायनामाइटने रूळ आणि पूल उडवायचा कट केला असा आरोप ठेवून आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस आणि आणखी चोवीस जणांवर ती केस झाली, १९७७ मध्ये मागे घेतली गेली. बाबांचा नेता होता तरी बाबांना तो मार्ग पटला नव्हता, घरी त्यावरून मोठमोठ्याने वाद झालेले मी ऐकलेत, एक काका म्हणायचे हुकूमशाहीत दुसरं काय करायचं, बाबा म्हणायचे पूल उडवला तर वरून जाणारी गाडी पण आपलीच आहे. हाच तर चौथ्या रविवारचा विषय होता, लोकशाहीच बंद पडली तर लोकशाही समाजवाद्याने काय करावं. झाकून ठेवून हा प्रश्न जात नाही, काका.

आणि घटनेतला शब्द. ‘समाजवादी’ हा शब्द उद्देशिकेत आला १९७६ साली, ४२ व्या दुरुस्तीने, आणि तेव्हा देशातले किती समाजवादी तुरुंगात होते? दंडवते आत, समाजवादी खासदार मधू लिमये आत. ज्या लोकसभेने ती दुरुस्ती केली तिची मुदत आधीच संपली होती, वाढवून घेतलेली होती, आणि मधू लिमयांनी त्या वाढीव मुदतीवर बसायचं नाही म्हणून तुरुंगातूनच राजीनामा पाठवला होता. समाजवाद हा शब्द घटनेत लिहिला जात होता आणि समाजवादी माणूस म्हणत होता की लोकांनी दिलेली मुदत संपली, आता ही खुर्ची माझी नाही. मुलांना मी हे सांगणार होते.

याच्याही आधीची गोष्ट आपल्या गावाशी जोडलेली आहे. बाबासाहेब आंबेडकर. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले, १९१७ मध्ये करार पाळायला बडोद्याला नोकरीवर आले आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर ते कमाटी बागेत झाडाखाली बसले. त्याच माणसाने १९४७ मध्ये घटना समितीला दिलेल्या निवेदनात मागितलं होतं की मोठे उद्योग, विमा, शेती सरकारच्या मालकीची करा आणि ते घटनेतच लिहून टाका, म्हणजे उद्याच्या बहुमताला मोडता येणार नाही. आणि तेच बाबासाहेब, १५ नोव्हेंबर १९४८ ला प्रा. के. टी. शहांनी ‘समाजवादी’ हा शब्द घटनेत घाला अशी दुरुस्ती मांडली तेव्हा, नको म्हणाले. समाजाची घडी कशी बसवायची हे वेळ बघून लोकांनीच ठरवायचं, आपण आजच बांधून ठेवलं तर ती लोकशाही कसली, असा त्यांचा मुद्दा होता, आणि हेही म्हणाले की मार्गदर्शक तत्त्वांमध्ये समाजवादाची दिशा आलेलीच आहे. या दोन भूमिका जुळतात का? मला अजून पूर्ण जुळवता आलेल्या नाहीत. मला त्यावर लोकांबरोबर बसून बोलायचं होतं. ज्या गावाने त्यांना खोली दिली नाही त्या गावात निदान त्यांच्या या वादाला एक हॉल मिळावा, एवढीच अपेक्षा होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका फेटाळल्या आणि सांगितलं की आपल्याकडे समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य, खाजगी धंद्याला त्याची आडकाठी नाही. ज्या शब्दावर सुप्रीम कोर्टात बोललं जातं त्यावर वाचनालयात बोलायचं नाही?

तिसरी गोष्ट जरा जवळची आहे, मनाला लावून घेऊ नका. दरवर्षी १७ डिसेंबरला याच हॉलमध्ये पेन्शनर्स डे होतो, हार, भाषण, बटाटेवडे. तो दिवस कुठून आला? १७ डिसेंबर १९८२ ला सुप्रीम कोर्टाने नाकरा केसचा निकाल दिला, यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश होते. सरकारने वाढीव पेन्शन ३१ मार्च १९७९ पासून पुढे रिटायर होणाऱ्यांनाच दिली होती, कोर्टाने म्हटलं असा भेद चालणार नाही, आणि हे म्हणताना घटनेतल्या त्याच ‘समाजवादी’ शब्दाचा आधार घेतला, म्हातारपणी माणसाला मानाने जगता यावं हे समाजवादी राज्याचं काम आहे अशा अर्थाने. आपल्या कार्यकारिणीतले बहुतेक जण पेन्शनर आहेत. तो शब्द हॉलमध्ये वर्षातून एकदा येतोच आहे, फक्त नाव घेतलं जात नाही.

चौथी तक्रार सगळ्यात मोठी आणि ती पुस्तकांचीही नाही. हा निर्णय कुणी घेतला? कार्यकारिणीच्या किती सदस्यांनी? मी तिघांना विचारलं, दोघांना नोटीस लागल्यावरच कळलं. सभासदांना कुणी विचारलं? मागच्या खोलीचं नूतनीकरण करून ती भाड्याने द्यायची आहे असं कानावर आलंय, आणि तसं असेल तर तसं सांगा की, संस्थेला पैशाची अडचण आहे हे आम्हालाही कळतं, आम्ही वर्गणी वाढवायला तयार होऊ, देणग्या गोळा करू. पण खोलीचा प्रश्न विचाराच्या नावावर का घालता? १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये, म्हणजे आजच्या केरळात, प्रजा समाजवादी पक्षाचंच सरकार होतं, तिथे पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा त्याच पक्षाचे सरचिटणीस असलेल्या राममनोहर लोहियांनी आपल्याच सरकारचा राजीनामा मागितला. पुढच्या वर्षी पक्षाने त्यांनाच बाहेर काढलं. आपल्याच लोकांना जाब विचारायचा ही सवय त्या कपाटातल्या पुस्तकांमधून आली आहे, म्हणून मी आज तुम्हाला विचारते आहे.

मला काय हवंय ते सरळ लिहिते. रद्दीची पंधरा दिवसांची मुदत आजच थांबवा, तसं बोर्डावर लावा. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत घ्या, नोटिशीत वेगळा मुद्दा म्हणून, आणि हात वर करून नाही तर चिठ्ठीने मतदान घ्या, कारण हात वर करताना लोक शेजारी बघतात. त्या सभेत बहुमत माझ्या विरुद्ध गेलं तर मी स्वतः टेम्पो घेऊन येईन, पुस्तकं घेऊन जाईन आणि वर्गणी भरत राहीन. संस्थेत कुठले विषय चालतील आणि कुठले नाहीत याचा नियम असेल तर तो लेखी द्या, सगळ्यांना सारखा लागू करा, कारण याच हॉलमध्ये गेल्या दोन वर्षांत इतिहासावर, धर्मावर, बजेटवर व्याख्यानं झाली आणि त्यांना कुणी राजकीय म्हटलं नाही. खोलीच्या खर्चाचा हिशेब सभासदांपुढे ठेवा. आणि चार रविवार द्या. हॉलचं भाडं लागत असेल तर मी भरते, चार्टर्ड अकाउंटंट साहेब अजून यायला तयार आहेत.

उत्तर लेखी द्या, दोन ओळींचं असलं तरी चालेल. ते मी या पत्राखालीच लावीन, जसंच्या तसं.

आपली,
एक आजीव सभासद, बडोदा

ता.क. समासात पेन्सिलीने लिहिलेलं ते रशियावरचं पुस्तक मी काल शोधलं तर कपाटात नाही, रजिस्टरप्रमाणे कुणीतरी घरी नेलेलं आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी सभा होईपर्यंत ते परत करू नये, घरीच जपून ठेवावं. उशिराचा दंड मी भरेन.